डिस्टिलरी आपली, कॉलेज आपलं, मग स्टोव्ह कुठं अडला?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय इंधनाचा आहे. पण पेट्रोलच्या भावाबद्दल लिहीत नाही आणि ई-२० मुळे गाडीचं ॲव्हरेज पडतं का यावरही नाही, त्यावर सगळ्यांचं बोलून झालंय. मला बोलायचंय ते वातीबद्दल. म्हणजे बारीक बारीक भोकं असलेल्या कुठल्याही वस्तूत इंधन भिजलं, त्याची वाफ झाली आणि ती पेटली, तर आत नेमकं काय होतं, याबद्दल. आणि हे सगळं प्रत्यक्ष पेटवण्याआधी कॉम्प्युटरवर मांडून बघता येतं, तर आपल्या जिल्ह्यात ते कोणी चुलीसाठी का करत नाही, याबद्दल.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. सीना नदीचा पूल ओलांडला की नागापूर. तिथून मनमाड रोडने पुढं निघा. एमआयडीसी लागते, मग विळद घाट आणि तिथलं विखे पाटील इंजिनिअरिंग कॉलेज. पुढं राहुरी, तिथं कृषी विद्यापीठ. कोल्हारवरून वळलात तर लोणी-प्रवरानगर, सरळ गेलात तर कोपरगाव. संगमनेरला जायचं तर आणखी थोडं आत. आता या रस्त्याने काय काय दिसतं ते मोजा. प्रवरानगरला साखर कारखाना आणि लोणीला इंजिनिअरिंग कॉलेज. संगमनेरला थोरात कारखाना आणि अमृतवाहिनी कॉलेज. कोपरगावला संजीवनी, कारखाना पण आणि कॉलेज पण. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरानगरचा कारखाना उभा केला, १९५०-५१ ला पहिला हंगाम झाला. त्या सहकाराच्या पोटातून पुढं शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली. म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढणारे आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये बसलेली पोरं हे दोघं एकाच घरचे आहेत. देशात अशी जोडी फार ठिकाणी सापडणार नाही.

आता याच रस्त्यावर नागापूर-बोल्हेगावच्या भाड्याच्या खोल्या बघा. दहा बाय दहाची खोली, त्यात तिघं-चौघं. कोणी बीडचा, कोणी बिहारचा. गावचं रेशनकार्ड गावात. रेशनचं रॉकेल जवळपास संपलं. कनेक्शनची पुस्तिका नाही म्हणून मोठा सिलिंडर नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर कंपन्यांनी आणला, ओळखपत्रावर मिळतो, चांगली गोष्ट आहे. पण संपला की तो कुठं आणि कसा भरला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात, नळी लावून, बंद दुकानाच्या मागं, वजनकाट्यावर किलोच्या हिशोबाने. बेकायदा तर आहेच, पण मला भीती वाटते ती कायद्याची नाही, तिथं साठणाऱ्या गॅसची वाटते.

तर वातीकडे येतो.

देवघरातली समई बघा. कापसाची वात आहे, कापूस तर काडी लावताच भुर्रकन जळतो. मग समईतली वात रात्रभर का जळत नाही? कारण जळतं ते तेल, आणि तेसुद्धा पातळ तेल नव्हे, त्याची वाफ. कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतं. वर पोचलं की ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती वातीतूनच ओढली जाते. म्हणून वात थंड राहते. थंड म्हणजे हात लावण्याइतकी नव्हे, जळण्याइतकी तापत नाही एवढंच. तेल संपलं की ओढणारं कोणी राहत नाही आणि मग वात जळते, काजळी धरते, वास सुटतो. आज्या म्हणायच्या तेल बघ, वात जळतीय. त्या एका वाक्यात या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम आहे.

पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आधी स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा लावायचा, बर्नर तापेपर्यंत थांबायचं आणि मग पंप मारायचा. घाई केली तर पिवळा भडका. कारण बर्नरच्या नळीत रॉकेलची वाफ होण्याआधीच ते पातळ बाहेर येतं. १८९२ साली स्वीडनच्या लिंडक्विस्टने हा स्टोव्ह काढला. सगळी करामत एकच, ज्योतीची थोडी उष्णता मागं फिरवून येणाऱ्या इंधनाला तापवायची. ही मागं फिरणारी उष्णता कमी पडली तर ज्योत विझते, जास्त झाली तर धोका. चूल, स्टोव्ह, बॉयलर, कुठंही बघा, सगळं भांडण याच हिशोबाचं.

आता आपल्या जिल्ह्याचं इंधन घ्या, इथेनॉल. एक किलो इथेनॉल जळलं तर साधारण २६.८ मेगाज्यूल उष्णता मिळते. रॉकेलची सुमारे ४३, एलपीजीची सुमारे ४६. म्हणजे इथेनॉल मुळातच अंगाने बारीक. त्यात पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल पाणी पूर्ण काढून कोरडं करावं लागतं आणि त्या शेवटच्या पाण्यासाठी बराच खटाटोप लागतो. चुलीला इतकं कोरडं कशाला पाहिजे? निम्मं पाणी असलेलं चालेल का?

हा प्रश्न फलटणला विचारून झालेला आहे. बनबिहारी निंबकरांनी १९६८ ला काढलेली निंबकर कृषी संशोधन संस्था तिथं आहे. अनिल राजवंशी नावाचे इंजिनिअर, आयआयटी कानपूर आणि मग फ्लोरिडात शिकलेले, १९८१ ला अमेरिका सोडून फलटणला येऊन बसले. लोक उलट्या दिशेने जात होते तेव्हा हे इकडे आले. गोड ज्वारीपासून अल्कोहोल काढायचे प्रयोग केले, नूरी नावाचा कंदील केला, आणि वजनाने निम्मं पाणी-निम्मं इथेनॉल असलेल्या मिश्रणावर चालणारा स्टोव्ह केला. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००७ चा आहे. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. फलटण आपल्यापासून किती लांब? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो. तरी आपल्याकडच्या किती जणांनी हे नाव ऐकलंय, स्वतःलाच विचारा.

निम्मं पाणी घातल्यावर अडचण काय येते, ती समजून घेण्यासारखी आहे. पाण्याची वाफ करायला किलोला २.२६ मेगाज्यूल लागतात, इथेनॉलला ०.८५ च्या आसपास. निम्म्या-निम्म्या मिश्रणाच्या एका किलोतून मिळणार १३.४, आणि त्यातले दीडच्या वर नुसते वाफ करण्यात जाणार. म्हणजे शंभरातले साधारण बारा. रॉकेलला हाच खर्च शंभरात एकसुद्धा नसतो. म्हणजे या स्टोव्हमध्ये ज्योतीने जितकी उष्णता मागं फिरवायची, ती रॉकेलच्या स्टोव्हच्या कितीतरी पट जास्त. नेहमीचा बर्नर इथं हरतो.

दुसरी अडचण आणखी गमतीची आहे आणि ती आपल्या लोकांना शास्त्रज्ञांपेक्षा लवकर कळेल. पहिल्या धारेची कडक का असते? कारण इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. तापवलं की आधी अल्कोहोल उडतं, पाणी मागं राहतं. साध्या वातीत निम्म्या पाण्याचं मिश्रण भरलं तर वातीच्या टोकाला एक छोटी गावठी भट्टीच चालू होते. वरचं अल्कोहोल उडून जातं, टोकाशी पाणी साठतं, ज्योत मलूल होते. आणि टाकीतलं इंधनही शेवटी शेवटी पाणचट होत जातं. म्हणून फलटणच्या लोकांनी दाब देऊन सगळंच्या सगळं मिश्रण तापलेल्या नळीतून वाफ करून सोडलं. तो एक मार्ग झाला. दुसरा मार्ग आहे जाळीदार सिरॅमिकचा.

हा दुसरा मार्ग सांगतो. स्पंजासारखी, पण भाजलेल्या सिरॅमिकची वडी कल्पना करा. ज्योत वडीच्या वर न पेटता आत, तिच्या भोकांमध्ये पेटते. वडी लालभडक होते. लाल झालेलं सिरॅमिक चारी बाजूंना उष्णता फेकतं, त्यातली थोडी मागं, म्हणजे येणाऱ्या वायूकडे. मग येणारा वायू किंवा थेंब ज्योतीपाशी पोचायच्या आधीच तापलेले असतात. जळणाची उष्णता जळणालाच आगाऊ उसनी द्यायची, असा हा व्यवहार. १९७१ ला इंग्लंडच्या वाइनबर्गने ही कल्पना मांडली, १९७९ ला जपानच्या ताकेनो आणि सातो यांनी सच्छिद्र पदार्थ घालून तिचं गणित मांडलं. आपल्याकडे आयआयटी गुवाहाटीत मुथुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलपीजीसाठी असे बर्नर केले, दोन थरांचे. खालचा थर वायू तापवणारा, वरचा सिलिकॉन कार्बाइडचा, ज्यात ज्योत राहते. गॅस कमी लागतो, धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइडही कमी होतो. नागापूरच्या कॅन्टीनमध्ये आणि चहाच्या गाड्यांवर दिवसभर निळी ज्योत पातेल्याच्या कडेने वर उडून वाया जाताना दिसते. ती बघितली की मला हे बर्नर आठवतात.

आता मुद्द्याचं. या वडीच्या आत काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही. आत थर्मामीटर घालावा तर भोक पाडावं लागतं आणि भोक पाडलं की वडी बदलली. म्हणून कॉम्प्युटर. वडीचे हजारो बारीक तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्यात हिशोब ठेवायचा. इंधन किती आलं, किती गेलं, किती वाफ झालं, किती जळलं, उष्णता कुठून आली, कुठं गेली. आपल्या पतसंस्थेच्या खतावणीसारखंच आहे, फक्त खातेदार लाखभर आणि नोंद सेकंदाला हजारदा. भोकांतून वायू किती सहज वाहतो याचा नियम हेन्री डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ ला दिला. तो काही चुलीवर काम करत नव्हता, दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम बघत होता आणि वाळूतून पाणी किती झिरपतं ते मोजत होता. मुरमातून पाणी पटकन उतरतं आणि काळ्या रानात तुंबतं, हे ज्याला माहीत आहे त्याला डार्सीचा नियम अर्धा कळलेलाच आहे.

अवघड काय, तर दोन गोष्टी. एकाच ठिकाणी दोन तापमानं असतात, सिरॅमिकचं वेगळं आणि त्याच्या भोकातल्या वायूचं वेगळं, आणि दोन्ही एकमेकांना उष्णता देत-घेत असतात. दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. आणि जळण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ वाढत नाही, एकदम उसळतो. तापमानात शंभर अंशांची चूक झाली तर कॉम्प्युटर सांगेल ज्योत टिकते आणि खऱ्या स्टोव्हमध्ये ती विझलेली असेल. म्हणून नुसती रंगीत चित्रं काढून भागत नाही. सोबत एक खरा बर्नर, एक वजनकाटा, चार थर्मोकपल आणि धुराचं मोजमाप लागतंच. पण एकदा दोन-तीन मोजमापांशी गणित जुळलं की पुढचे दोनशे नमुने फुकटात तपासता येतात. भोकं मोठी केली तर? पाणी चाळीस टक्के केलं तर? वडी अर्ध्या इंचाने जाड केली तर? वर्कशॉपमध्ये दोनशे नमुने घडवायचे म्हटलं तर कोणाच्या बापाला परवडणार आहे? सॉफ्टवेअरचा पैसाही लागत नाही, ओपनफोम नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वीस वर्षांहून जास्त काळ जगभर वापरतात.

खोलीचाच हिशोब करू. दहा बाय दहा बाय दहा फुटांची बंद खोली, म्हणजे २८ घनमीटर हवा. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ टक्के झाली की ठिणगीने पेटू शकते. गणित केलं तर सगळी खोली तशी व्हायला सव्वादोन लिटरच्या आतबाहेर इथेनॉल पूर्ण उडून जावं लागेल. एलपीजीला ही हद्द दोन टक्क्यांच्या आत आहे, आणि त्याच खोलीला साधारण एक किलो गॅस पुरतो. म्हणजे पाच किलोच्या टाकीत अशा पाच खोल्यांचा ऐवज. आणि तो दाबाखाली आहे, नळी सुटली तर मिनिटांत बाहेर येईल. इथेनॉल दाबाशिवाय ठेवलं तर ते सावकाश उडतं.

पण थांबा, हा हिशोब सरासरीचा आहे आणि सरासरी फसवते. दोन्ही वाफा हवेपेक्षा जड. त्या सगळ्या खोलीत सारख्या पसरत नाहीत, जमिनीलगत साठतात. आणि खोलीतली पोरं झोपतात जमिनीवर. म्हणजे कोपऱ्यात हद्द कितीतरी आधी गाठली जाईल. कुठं, किती वेळात, दाराखालच्या फटीने किती फरक पडतो, हे प्रत्यक्ष करून बघणार कोण? हे कॉम्प्युटरवरच बघायचं काम आहे. इथेनॉल म्हणजे एकदम निर्धोक असं मी म्हणत नाही. कोरडं इथेनॉल १३ ते १७ अंशांलाच पेटण्याइतकी वाफ सोडतं, निम्मं पाणी घातलं तर पंचविशीच्या आसपास, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शिवाय त्याची ज्योत फिकट निळी, उन्हात दिसतसुद्धा नाही. एक गुण मात्र मोठा आहे. इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे आगीवर बादलीभर पाणी टाकलं तर उपयोग होतो. रॉकेल पाण्यावर तरंगत पसरतं.

दाबाशिवाय ठेवायची युक्तीही जगात निघालेली आहे आणि तीही सच्छिद्र पदार्थाचीच. इथिओपियात प्रोजेक्ट गाया नावाच्या कामात जे स्टोव्ह वाटले त्यांच्या डब्यात खनिज तंतूंचा बोळा कोंबलेला असतो. अल्कोहोल त्यात शोषलं जातं. डबा उलटा केला तरी सांडत नाही, वरच्या तोंडातून फक्त वाफ येते आणि तीच जळते. २००४ पासून पुढं अदिस अबाबातल्या घरांत आणि सोमाली निर्वासितांच्या छावण्यांत ते वापरले गेले. अल्कोहोल कुठून आलं? फिन्चा नावाच्या साखर कारखान्याच्या मळीतून. म्हणजे जे राहुरी-लोणी-कोपरगावला शोभलं असतं ते तिकडे झालं.

आता भावाचं बोलू, कारण ते टाळलं तर पोस्ट खोटी ठरेल. १४.२ किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता पाहिजे तर सुमारे ३१ लिटर इथेनॉल लागतं. मळीच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी २०२४-२५ ला दिलेला दर लिटरला ५७.९७ रुपये. गुणाकार करा, अठराशेच्या आसपास. घरगुती सिलिंडरच्या साधारण दुप्पट. ज्याच्याकडे कनेक्शन आहे तो हे कशाला घेईल? घेऊ नये. चुलीला इथेनॉल देऊन घरोघरचा गॅस बंद करा असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

पण हाच आकडा उलटा करा. एलपीजीच्या किलोमागे सव्वाशे रुपये पडले. खोलीवरचा पोरगा नळी लावून किलोने गॅस भरून घेतो तेव्हा काय देतो, ते त्यालाच विचारा. तफावत तुम्हाला वाटते तितकी निघणार नाही. आणि तो ५७.९७ चा दर पाणी पूर्ण काढलेल्या मालाचा, कारखान्याच्या दारातला आहे, वाहतूक वेगळी. निम्म्या पाण्याचा माल, कारखान्याच्या दारातून पन्नास किलोमीटरच्या आत, त्याचा भाव वेगळाच निघेल. किती, हे कारखान्याच्या केमिस्टने अर्ध्या तासात सांगावं. मला तरी हे गिऱ्हाईक दिसतं: कनेक्शन नसलेला भाडेकरू, ऊसतोडीच्या टोळीची कोपी, बांधकामावरचं कुटुंब. ऊसतोडीचं तर काय सांगावं. ज्यांच्या कोयत्याने ते इथेनॉल निघतं, त्यांच्या बाया पहाटे चिपाडं आणि काटक्या पेटवून धुरात भाकऱ्या थापतात.

बरं, इथेनॉलला पेट्रोलचं गिऱ्हाईक कायमचं बांधलेलं आहे असंही समजू नका. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, नंतर सैल केली. त्या आठवड्यात कारखान्यांची काय धावपळ झाली ती सगळ्यांनी पाहिली. २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्टही गाठलं. आता पुढं काय, हा प्रश्न कारखानदार स्वतःच विचारतायत. आणि एलपीजीचं म्हणाल तर देशाला लागतो त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो. समुद्रापलीकडे कुठं भडका उडाला की झळ आपल्या पातेल्याला.

मग अडलं कुठं? फलटणच्या लोकांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं की स्टोव्हपेक्षा अबकारी कायदा अवघड. निम्म्या पाण्याचं इथेनॉल म्हणजे कोणीही पिऊ शकेल अशी दारूच. सरकारला भीती वाटते ती खरी आहे, तिची टिंगल करू नये. विषारी दारूने माणसं मरतात, आणि चुलीच्या नावाखाली अड्डे चालू झाले तर त्याची किंमत बायाच मोजणार. पण त्यावर उपाय अगदीच नाहीत असं नाही. कडू आणि रंगीत पदार्थ मिसळून ते पिण्यालायक राहणार नाही असं करता येतं, आणि तंतूंच्या बोळ्यात शोषलेला सीलबंद डबा दिला तर ओतून घेणंही अवघड.

आणि इथं एक गोष्ट बदललीय जिच्याकडे फार लोकांचं लक्ष गेलं नाही. २३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांचा नियंत्रणाचा अधिकार आहे. बातम्यांत त्याची चर्चा झाली ती महसुलाच्या अंगाने. माझ्या डोक्यात दुसरंच आलं. म्हणजे आता दिल्लीकडे बोट दाखवून चालणार नाही. चुलीच्या अल्कोहोलसाठी वेगळा, कडक पण सुटसुटीत नियम करायचा की नाही, हे मुंबईत ठरू शकतं. आणि मुंबईत नगर जिल्ह्याचं वजन किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

कॉलेजांबद्दल थोडं बोलतो, कोणा एकाचं नाव घेत नाही. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट कसे होतात? बाजारात तयार मिळतात. गेल्या वर्षीचा अहवाल घ्यायचा, कव्हर बदलायचं, सिम्युलेशनची लाल-पिवळी-निळी चित्रं चिकटवायची. कशाचं सिम्युलेशन? कुठल्यातरी परदेशी पेपरातल्या बर्नरचं, जो पोरांनी कधी बघितला नाही, ज्याचं इंधन ह्या जिल्ह्यात मिळत नाही. परीक्षकही चित्रं बघतात, सह्या करतात, पोहे खातात. पोरं वाईट नाहीत. त्यांच्यापुढं खरा प्रश्न कोणी ठेवत नाही. कारखान्याच्या डिस्टिलरीतून दहा लिटर नमुना घेऊन लॅबपर्यंत जायला स्कूटरवर दहा मिनिटं लागतात, पण परवानगीच्या कागदाला सहा महिने लागतील म्हणून कोणी विचारतच नाही. संस्था एकच असताना हे व्हावं, याचं मला आश्चर्य वाटतं.

आणखी एक गोष्ट राहिली आणि ती चुलीच्या पलीकडची आहे. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या काळातली मराठी वर्तमानपत्रं वाचलीत त्यांना आतल्या पानावरची ती ठरलेली बातमी आठवत असेल: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. दोन ओळींची बातमी, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्या गावची. इतके स्टोव्ह फक्त सुनांच्याच हातात कसे भडकत होते, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ ला ४९८-अ आलं, १९८६ ला हुंडाबळीचं ३०४-ब. पण कोर्टात सगळं अडायचं ते मृत्यूपूर्व जबाबावर. ऐंशी टक्के भाजलेली बाई, समोर नातेवाईक, ती काय बोलली, शुद्धीवर होती का. कापडाने काय साक्ष दिली हे फार कमी वेळा विचारलं गेलं. आणि कापड म्हणजे वातच की. सुती लुगडं, नायलॉनची साडी, त्यात रॉकेल उडालं की ओतलेलं होतं, खालून पेटलं की खांद्यावरून, आग किती सेकंदात कुठं पोचली, या सगळ्याला वाफ होण्याचा आणि जळण्याचा हिशोब लागू आहे. स्टोव्हची टाकी खरंच फुटली असेल तर भिंतीवर, जमिनीवर, कापडावर खुणा वेगळ्या पडतात. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं सक्तीचं केलंय, राज्यांना तयारीला पाच वर्षं दिलीत. तज्ज्ञ येतील कुठून? जो पोरगा आज भिजलेल्या सिरॅमिकमधली आग कॉम्प्युटरवर मांडायला शिकेल, तो उद्या भिजलेल्या कापडाची मांडू शकेल. विद्या एकच आहे.

तर मागणी छोटी आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही एका इंजिनिअरिंग कॉलेजने येत्या वर्षी चार पोरांना हा विषय द्यावा. शेजारच्या कारखान्याने रीतसर परवान्यावर नमुना द्यावा. एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याने स्टीलचा डबा आणि बर्नरची कडी करून द्यावी, हा त्याच्यासाठी अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे. फलटणला एक फेरी मारावी. पहिला प्रयोग साधा: डब्यात तंतूंचा बोळा, त्यात मोजून इंधन, डबा वजनकाट्यावर, झाकण उघडं, आणि मे महिन्यातली दुपार. दर दहा मिनिटांनी वजन लिहायचं. किती ग्रॅम उडालं, ते आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. नाही जुळलं तर का नाही जुळलं ते लिहायचं आणि तो कागद सगळ्यांना दाखवायचा. डबा करून देणारे दोन वर्कशॉपवाले माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना विचारून झालंय, दोघंही हो म्हणालेत.